रसायनशास्त्र विभागात रुजू होताना

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

संशोधक विद्यार्थी म्हणून रसायनशास्त्र विभागात तुला प्रवेश मिळाल्याचे वाचून आनंद झाला. विभागातील कोणते काम मोठे मानावे आणि तसे काम आपल्या हातून व्हायचे तर सुरुवात कुठून करावी, असे तू विचारले आहेस. प्रवेशद्वाराजवळच्या फलकावरील पुरस्कारांची यादी किंवा वार्षिक अहवालातील शोधनिबंधांची संख्या पाहून याचे उत्तर मिळत नाही. ज्या कामावर विसंबून दुसऱ्या प्रयोगशाळेतील अनोळखी माणसाला पुढचे काम उभारता येते, ते मोठे, असे मी मानते. आणि ही कसोटी निबंध छापून आल्यावर नव्हे, तर पहिल्या आठवड्यातील प्रयोगवहीपासून लागू होते.

आपल्या क्षेत्रात ही कसोटी अगदी शब्दशः पाळणारे एक प्रकाशन आहे. ‘ऑर्गॅनिक सिंथेसेस’ १९२१ पासून निघते आणि त्यात येणारी संयुग बनवण्याची प्रत्येक कृती छापण्यापूर्वी दुसऱ्या एखाद्या प्रयोगशाळेत प्रत्यक्ष करून पाहिली जाते. तुझी वही अशा तपासनीसाच्या हाती जाणार आहे असे समजूनच लिहीत जा. ‘खोलीच्या तापमानाला ढवळले’ या नोंदीचा कोणालाही उपयोग नाही. तापमान किती होते, द्रावक कोणत्या रीतीने कोरडा केला होता, मिश्रणाचा रंग केव्हा बदलला, अभिकर्मक कोणत्या बाटलीतला आणि कोणत्या लॉटचा, म्हणजे उत्पादकाच्या कोणत्या खेपेचा होता, हे त्याच वेळी, त्याच पानावर आले पाहिजे. बाटलीवरचा लॉट क्रमांक उतरवणे तुला कारकुनी वाटेल. पण क्रोमियम क्लोराइड वापरून कार्बन-कार्बन बंध जोडण्याची एक अभिक्रिया कधी उत्तम चाले, तर कधी अजिबात चालत नसे. क्रोमियमच्या क्षारात अशुद्धी म्हणून आलेले निकेल हेच खरे उत्प्रेरक आहे, हे १९८६ मध्ये नोझाकी आणि किशी या रसायनशास्त्रज्ञांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले. आज ती अभिक्रिया निकेल मुद्दाम घालून केली जाते आणि गुंतागुंतीच्या नैसर्गिक संयुगांच्या संश्लेषणात तिचा मोठा आधार वाटतो. एखादी बाटली चालते आणि दुसरी चालत नाही, ही तक्रार कुरकुरीवर न सोडता कोणीतरी तिचा पाठपुरावा केला, म्हणून हे घडले.

यास्तव फसलेल्या प्रयोगाचा स्पेक्ट्रमही, म्हणजे पदार्थाची ओळख पटवणारा यंत्रावरचा आलेखही, जपून ठेव. उत्पादनाचे प्रमाण एकदाच बरे आले असेल तर तेवढा एकच आकडा गटबैठकीत मांडू नकोस. सगळे आकडे मांड, मग मार्गदर्शकांचा चेहरा उतरला तरी चालेल.

पदवीच्या विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिके घ्यावी लागतात, त्यात संशोधनाचा वेळ जातो, ही तक्रार तुझ्या कानावर लवकरच येईल. ती अगदीच खोटी नाही, पण तिला फार किंमत देऊ नकोस. रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात होते, तेव्हा प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड ऑक्सिजनच्या रेणूतूनही इलेक्ट्रॉन काढून घेते, हे त्यांना आढळले होते. पुढे एका व्याख्यानाची तयारी करताना आयनन ऊर्जेचा, म्हणजे इलेक्ट्रॉन काढून घ्यायला लागणाऱ्या ऊर्जेचा, नेहमीचाच आलेख त्यांच्या पाहण्यात आला, आणि झेनॉन या निष्क्रिय वायूची आयनन ऊर्जा ऑक्सिजनच्या रेणूच्या जवळपास आहे, म्हणजे त्यातूनही इलेक्ट्रॉन निघू शकेल, हे त्यांच्या ध्यानात आले. १९६२ मध्ये त्यांनी झेनॉनचे संयुग तयार केले आणि निष्क्रिय वायू संयुगे बनवत नाहीत हा रूढ समज मोडीत निघाला. तो आलेख असंख्य शिक्षकांनी फळ्यावर काढला असेल. बार्टलेट यांच्या हाताशी त्याच वेळी एक न सुटलेला प्रश्न होता, एवढाच फरक.

सुरक्षेबाबत मात्र मी कसलीही सूट देणार नाही. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयातील प्राध्यापक कॅरेन वेटरहान या विषारी धातूंच्याच अभ्यासक होत्या. ऑगस्ट १९९६ मध्ये फ्यूम हूडमध्ये, म्हणजे विषारी वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात, काम करताना डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या संयुगाचे काही थेंब त्यांच्या लॅटेक्सच्या हातमोज्यावर पडले आणि जून १९९७ मध्ये पाऱ्याच्या विषबाधेने त्यांचे निधन झाले. तो द्रव अशा हातमोज्यातून काही सेकंदांत आरपार जातो, हे नंतरच्या चाचण्यांत उघड झाले. त्यांनी हलगर्जीपणा केला नव्हता, तेव्हा पुरेशी मानली जाणारी काळजी घेतली होती. म्हणून हातमोजे घातले एवढ्यावर समाधान मानू नकोस. कोणत्या रसायनासाठी कोणत्या पदार्थाचे हातमोजे चालतात हे दर वेळी तपास, आणि रात्री प्रयोगशाळेत एकट्याने धोकादायक अभिक्रिया लावू नकोस, कोणी कितीही घाई करत असले तरी.

रेणूंची रचना ओळखणारे एनएमआर यंत्र सांभाळणारे तंत्रज्ञ, काचेची उपकरणे घडवणारे कारागीर, रसायनांच्या भांडाराचे प्रमुख यांच्याशी ओळख करून घे. विभाग प्रत्यक्षात तेच चालवतात, आणि कोणत्या गटाचे नमुने नीट शुद्ध केलेले येतात हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

शेवटी श्रेयाविषयी. तू ते विचारलेले नाहीस, संकोच वाटला असावा. साठ कार्बन अणूंचा गोलाकार रेणू १९८५ मध्ये अमेरिकेतील राइस विद्यापीठात सापडला तेव्हा यंत्रावर प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्यांत जेम्स हीथ आणि शॉन ओब्रायन हे विद्यार्थी होते. निबंधावर त्यांची नावे आहेत, पण १९९६ चे नोबेल कर्ल, क्रोटो आणि स्मॉली यांना मिळाले, कारण तो पुरस्कार तिघांपेक्षा अधिक जणांत वाटता येत नाही. पुरस्कारांचे नियम तुझ्या हातात नाहीत. निबंधातील लेखकांचा क्रम मात्र बोलून ठरवता येतो. काम सुरू होतानाच मार्गदर्शकांना तो मोकळेपणाने विचार. या प्रश्नावर ते चिडत असतील, तर गट बदलण्याचा विचार पहिल्याच वर्षी करावा, नंतर ते फार जड जाते. गट निवडण्यापूर्वी तेथील ज्येष्ठ विद्यार्थ्यांशी मार्गदर्शकांच्या अनुपस्थितीत बोल, आणि तेथून बाहेर पडलेले सध्या कुठे आहेत याची चौकशी कर. निवड झाली की मला कळव. पहिल्या गटबैठकीच्या स्लाइड आधी पाठवल्यास मी वाचून देईन, फक्त न जमलेल्या प्रयोगांची पाने त्यांतून गाळू नकोस.

तुझी हितचिंतक