जीडीपी वाढला, गल्ला का नाही?

प्रश्न : गोव्यातल्या साखळी गावच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान आहे. 2018 साली खाणी बंद पडल्या तेव्हापासून धंद्याला लागलेली उतरती कळा अजून गेलेली नाही. पेपरात मात्र देशाचा जीडीपी सात-आठ टक्क्यांनी वाढतोय असं छापून येतं. मुलगा म्हणतो, बाबा, आकडे फुगवलेले आहेत. तुमची सारी नोकरी सरकारी पाहण्यांत गेली. खरं काय ते सांगा.
— एक दुकानदार, साखळी

उत्तर : भाऊ, तुमचं गिऱ्हाईक म्हणजे ट्रकवाले आणि खाणीवरचे कामगार. ते गेले. देशाचा आकडा साखळीच्या बाजाराबद्दल काही सांगत नाही, तेव्हा त्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पण मुलाची शंका अगदीच झटकून टाकता येत नाही.

दिल्लीत कोणी बसून आकडे वाढवतं, असं मला वाटत नाही. दुखणं मोजणीत आहे. 2015 मध्ये 2011-12 हे पायाभूत वर्ष (ज्याच्या भावांशी पुढची वर्षं ताडून पाहतात ते) धरून जीडीपीची, म्हणजे देशात वर्षभरात तयार होणाऱ्या माल-सेवांच्या मोलाची, नवी मालिका आली आणि कंपन्यांनी सरकारकडे भरलेले हिशेब मोठ्या प्रमाणावर वापरात आले. तुमच्या दुकानाचा ताळेबंद तिथे पोचत नाही. छोट्या धंद्यांची पाहणी तेव्हा काही वर्षांनी एकदा व्हायची, मधल्या वर्षांत बऱ्याच ठिकाणी मोठ्यांच्या चालीवरून अंदाज. एरवी ते खपून जायचं. पण नोटाबंदी, जीएसटी, करोना यांत मोठे सावरले, छोटे आपटले, आणि कागदावर दोघंही बरोबरीने चालत राहिले.

त्या नव्या मालिकेत 2013-14 ची वाढ 4.7 टक्क्यांवरून थेट 6.9 वर गेली. माजी मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमण्यन यांनी 2019 मध्ये मांडलं की 2011-12 नंतरच्या पाच-सहा वर्षांत वाढ साताच्या आसपास नसून साडेचाराच्या आसपास असावी. सरकारने ते खोडून काढलं. त्यांची पद्धत मलाही पूर्ण पटलेली नाही, पण अशा वादाने कोणाचं नुकसान होत नाही. मला खुपलं ते वेगळंच. रोजगाराच्या पाहणीचा अहवाल अडवून ठेवला म्हणून जानेवारी 2019 मध्ये सरकारी आकडेवारीवर देखरेख ठेवणाऱ्या राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले, 6.1 टक्के बेकारीचा तो अहवाल अधिकृतपणे आला तो लोकसभा निवडणूक उरकल्यावर. त्याच वर्षी घरखर्चाची 2017-18 ची पाहणी रद्दच केली. लोकांचा विश्वास उडाला तो इथे.

आता थोडं तुम्हालाही ऐकवतो. कळंगुटला एका गेस्टहाऊसवाल्याकडे तक्ता भरायला बसलो होतो. "बाबा, खोल्या रिकाम्याच असतात," तो सांगत होता आणि मागे दोरीवर टॉवेलांची रांग वाळत होती. मी काय लिहिणार? त्याने सांगितलं तेच. बाजारात तर 'इन्कम टॅक्सवाला आला' म्हणून निम्मी शटरं खाली. 2021-22 पासून छोट्या धंद्यांची पाहणी दरवर्षी होते. गणक तुमच्या दारात आला तर निदान खरी विक्री सांगा. ती माहिती करखात्याकडे जात नाही.

प्रश्न : गोव्याचं दरडोई उत्पन्न देशात सगळ्यांत वरच्यांत म्हणतात. माझ्या ओळखीत तर तेवढं कमावणारं कोणी दिसत नाही!
— एक शिक्षिका, फोंडा

उत्तर : बाई, वेर्ण्याच्या औषध कारखान्यात माल तयार झाला की तो गोव्याच्या उत्पन्नात धरतात, नफा मुंबईच्या भागधारकाला गेला तरी. शिवाय ते उत्पन्न ज्या लोकसंख्येने भागतात ती 2011 च्या जनगणनेतल्या 14.58 लाखांवरून पुढे अंदाजलेली आहे, कारण 2021 ची जनगणना झालीच नाही. राज्यात किती माल-सेवा तयार झाली हे त्या आकड्यातून कळतं. घरं प्रत्यक्षात किती खर्च करतात हे पाहायचं असेल तर घरखर्चाची पाहणी वाचा. 2022-23 ची निघालेली आहे.