पहाटे बाईक गरम करताना शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून काय करावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे की, आपल्याला पहाटे पाचच्या सुमारास कामावर निघावे लागते, त्याआधी आपली जुनी कार्ब्युरेटरची साडेतीनशे सीसीची बुलेट आपण खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, आठ-दहा मिनिटे चालू ठेवता, त्यावरून शेजाऱ्यांनी दोनदा बोलून दाखवले आहे, आणि गाडी थंड असतानाच बाहेर काढली तर इंजिनाचे आयुष्य कमी होईल अशी धास्ती आपल्याला वाटते. माझे उत्तर असे की, आठ-दहा मिनिटांची मुळात गरजच नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीला चोक (थंड इंजिनाला पेट्रोलचे प्रमाण वाढवून देणारी कळ) बंद केल्यावरही इंजिन न अडखळता चालू राहील एवढाच वेळ द्यावा, आणि आपल्याकडच्या हवेत तो अर्ध्या ते एका मिनिटाहून जास्त लागत नाही. एप्रिल २०२० नंतरच्या, भारत स्टेज ६ मानकांच्या फ्युएल इंजेक्शन गाडीला तर हेल्मेटचा पट्टा लावेपर्यंतचा वेळ पुरतो. बाकीचे गरम होणे रस्त्यावर, पहिल्या दोन-तीन किलोमीटरांत, हलक्या हाताने गाडी चालवत पूर्ण होऊ द्यावे.

मी देवगड तालुक्यातील एका वाडीत राहतो आणि एस.टी.च्या आगारात यांत्रिक म्हणून बरीच वर्षे काम केले आहे. पहिल्या पाळीला मलाही काळोखात निघावे लागे आणि मीसुद्धा आपल्यासारखाच गाडी तापवत बसत असे, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

गाडी उभ्याने बराच वेळ चालू ठेवण्याची सवय आपल्याकडे पुष्कळांना एस.टी. बघूनच लागली असावी, असे मला वाटते. पहाटेची पहिली बस निघण्यापूर्वी आगारात बराच वेळ घरघरत उभी असते, आणि बघणाऱ्याला वाटते की चालक इंजिन तापवतो आहे. तिथले खरे कारण बहुतांशी ब्रेकचे असते. बसचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, रात्रभरात टाक्यांतील दाब उतरलेला असतो आणि इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर तो पुन्हा भरेपर्यंत बस जागची हलवता येत नाही. मोटारसायकलला अशी कोणतीही अडचण नसते, तेव्हा बसचा नियम तिला लावण्यात अर्थ नाही.

इंजिनाच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. पहिली म्हणजे रात्रभरात तळाशी उतरलेले ऑईल पंपाने उचलून वरच्या भागापर्यंत, टॅपेट आणि रॉकर या व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांपर्यंत, पोहोचणे. याला काही सेकंद लागतात आणि हे काम गाडी उभी असतानाच व्हायला हवे. दुसरी म्हणजे पिस्टन, सिलिंडर आणि ऑईल स्वतः कामाच्या तापमानाला येणे. याला काही मिनिटे लागतात. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि तापला की जुन्या लोखंडी सिलिंडरच्या मानाने जास्त प्रसरण पावतो, म्हणून थंड असताना दोघांमधली फट थोडी जास्त असते आणि सुरुवातीची ती खटखट ऐकू येते. या अवस्थेत इंजिनाला जोराची रेस देणे वाईट, हे अगदी खरे आहे. परंतु त्यासाठी उभ्याने तापवणे हा उपाय नव्हे, कारण स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता, इंजिन फार थोडे पेट्रोल जाळते आणि त्यामुळे सावकाश तापते, तर हलक्या भाराखाली ते कितीतरी लवकर तापते. ऑईलच्या डब्यावरील आकड्यांचेही तसेच आहे. १५डब्ल्यू-५० मधील पहिला आकडा ऑईल थंडीत कसे वागते ते सांगतो, आणि त्या प्रतीच्या ऑईलची थंडीतील एक चाचणी शून्याखाली २० अंशांवर घेतात. आपल्या किनाऱ्यावर ऐन पौषातही पहाटेचा पारा सहसा १५ अंशांच्या खाली उतरत नाही. दापोलीकडे किंवा आंबोलीच्या बाजूला गारठा जास्त असतो. तिथे एकाऐवजी दीड मिनिट धरावे.

जास्त वेळ उभ्याने चालू ठेवण्याचा तोटाही आहे, आणि तो खाऱ्या हवेच्या आपल्या मुलखात अधिक जाणवतो. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. सायलेन्सर नीट तापलेला असेल तर ही वाफ तशीच बाहेर पडते. तो कोमट असेल तर तिचे आतच पाणी होते आणि तिथेच साचून राहते. माझ्या चुलतभावाची, म्हणजे मुंबईला नोकरी करणाऱ्या एका चाकरमान्याची, गाडी गणपती ते शिमगा गावच्या घरी झाकलेली असे, आणि बॅटरी उतरू नये म्हणून त्याचे वडील दर रविवारी ती दहा मिनिटे खळ्यात चालू करून ठेवत. दोन वर्षांनी मी तिचा सायलेन्सर उतरवला, उलटा धरून हलवला, तर आधी चहाच्या रंगाचे वाटीभर पाणी पडले आणि मागोमाग खवल्यांसारखे गंजाचे तुकडे. खालच्या बाजूला पाणी निथळण्यासाठी असलेले बारीक भोक चिखलाने बुजलेले होते आणि वेल्डिंगच्या कडेला नखाएवढे छिद्र पडले होते. त्या छिद्रामुळे गाडीचा आवाज इतका फाटलेला येत असे की, रविवारची ती दहा मिनिटे सगळ्या वाडीला ऐकू जात. बॅटरीही त्या दहा मिनिटांत धड भरत नव्हती, कारण स्लोवर चार्जिंग अगदी कमी होते. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा वीस मिनिटे गाडी फिरवून आणणे सर्व दृष्टींनी बरे, आणि ते दिवसाउजेडी करता येते.

आता शेजाऱ्यांविषयी, कारण आपल्या प्रश्नाचा तोच गाभा आहे. माझ्या घराच्या खालच्या अंगाला एक काकी राहतात, त्यांचा मुलगा ट्रॉलरवर खलाशी आहे. एके पहाटे मी खळ्यात बुलेट तापवत उभा असताना त्या गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणापाशी, आल्या, आणि जराही आवाज न चढवता एवढेच म्हणाल्या, "अरे, माझो झील पाटे तीनाक दर्यावरसून इलो, आत्ता खंय डोळो लागलो हा." म्हणजे मुलगा पहाटे तीनला समुद्रावरून आला होता आणि त्याचा आत्ता कुठे डोळा लागला होता. मी गाडी तिथल्या तिथे बंद केली. त्यांचे घर माझ्या खळ्यापासून पंधरा पावलांवर, कौलारू, वर माळा नसलेले, आणि आमच्या दोन घरांमध्ये चिऱ्याच्या भिंती. अशा ठिकाणी आवाजाला बाहेर जायला वाट नसते. चिऱ्याच्या एका भिंतीवर आपटून तो समोरच्या भिंतीवर जातो आणि कौलांच्या फटींतून सरळ झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर उतरतो. त्यातही बुलेटचा आवाज खर्जातला असतो, आणि खर्जातला आवाज दारे-खिडक्या लावून घेतल्या तरी पुरता अडत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये गाडी असेल तर पत्राही सोबत थरथरतो.

त्या दिवसापासून मी गाडी घरात चालू करणेच सोडले. हँडलचे लॉक काढून, न्यूट्रलमध्ये, ती हाताने ढकलत बेड्याबाहेर (कुंपणाच्या फाटकाबाहेर) पाणंदीपर्यंत आणि तिथून सड्यावरच्या (वरच्या माळावरच्या) डांबरी रस्त्याच्या तोंडाशी नेतो, आणि तिथे किक मारतो. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने कमी होतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या खिडकीपासून ५ मीटरांऐवजी ४० मीटरांवर गाडी चालू केली तर जवळपास १८ डेसिबल वाचतात. कानाला १० डेसिबलचा फरक निम्म्यासारखा जाणवतो, हे लक्षात घेतले म्हणजे तेवढ्या ढकलण्याचे मोल कळते. बुलेट दीडशे किलोंहून जड असल्याने एक पथ्य पाळावे: गाडीच्या डाव्या बाजूला राहून, उजव्या हाताची दोन बोटे पुढच्या ब्रेकवर ठेवून चालावे, आणि उतारावर गाडीवर बसून अंधारात सोडून देऊ नये. पावसाळ्यात चिऱ्याच्या पायऱ्यांवर आणि पाणंदीत शेवाळ धरते, तिथे माणूस आणि गाडी दोन्ही घसरतात. म्हणून मी जून ते सप्टेंबर गाडी रात्रीच वर रस्त्याकडेच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपट्यात, ठेवतो. आपल्या घराचा रस्ता चढाचा असेल तर आपणही अशी एखादी जागा विचारून बघावी. बागायतदार सहसा नाही म्हणत नाहीत.

चालू करण्याची रीतही महत्त्वाची आहे, कारण दहा किका मारून शेवटी भडकलेल्या इंजिनाला रेस देणे हाच सर्वांत त्रासदायक आवाज असतो. जुन्या बुलेटला किल्ली फिरवून किक सावकाश दाबत जावे, अँपिअर मीटरचा (विजेचा प्रवाह दाखवणारा) काटा मध्यावर आला की डिकॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारी, दांडी ओढून पिस्टन हलकेच माथ्याच्या पलीकडे सरकवावा, दांडी सोडावी, किक वर येऊ द्यावी आणि मग एकच पूर्ण, लांब किक मारावी. चोक ओढलेला असताना रेस देऊ नये. इंजिन सावरले की चोक आधी अर्धा आणि मग पूर्ण बंद करावा. स्लो मुद्दाम वाढवून ठेवण्याचीही गरज नाही. गाडी स्लोवर बंद पडत असेल तर कार्ब्युरेटरचा जेट आणि प्लग साफ करून घ्यावेत, टॅपेटची फट जुळवून घ्यावी. इंजेक्शनच्या गाडीला चोकच नसतो, तिची संगणकीय यंत्रणा इंजिनाचे तापमान पाहून पेट्रोल स्वतः वाढवते, तेव्हा तिथे ॲक्सिलरेटरला हातही लावू नये. चालू झाल्यावर पहिल्या दोन-तीन किलोमीटरांत वरचा गिअर जरा लवकर टाकावा, पण इंजिन दबून धडधडेल इतकाही लवकर नको, आणि ॲक्सिलरेटर अर्ध्याच्या पुढे फिरवू नये. वाडीतून बाहेर पडताना हॉर्न वाजवण्याऐवजी वळणावर दिवा वर-खाली करावा.

कायद्याचे म्हणाल, तर ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ रात्रच धरली जाते आणि निवासी भागासाठी तेव्हाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. दिवसाची ५५ आहे. आपले पहाटे पाच हे नियमानेही रात्रीतच मोडते. १७५ सीसीपेक्षा मोठ्या मोटारसायकलला कारखान्यातील धावत्या चाचणीतच ८० डेसिबलपर्यंत मुभा आहे, म्हणजे मूळ सायलेन्सर असूनही ती रात्रीच्या मर्यादेच्या बरीच वर जाऊ शकते. आपण त्या जागी बाजारातला फटाके वाजवणारा सायलेन्सर लावला असेल, तर मी स्पष्टच सांगतो, तो आधी काढा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली त्यासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे एक झाले. पण तो सायलेन्सर गाडीवर असेपर्यंत वर सांगितलेल्या कोणत्याही उपायाचा शेजाऱ्यांना उपयोग होणार नाही.

सायलेन्सर मूळचाच असेल तर तो शाबूत आहे का ते पाहावे. इंजिनाला जिथे बेंड पाइप जोडलेला असतो तिथले गॅस्केट गेले की फटफट वाढते; तिथे काळी काजळी दिसली तर गळती आहे असे समजावे. गॅस्केट स्वस्तात बदलून मिळते आणि आवाजातला फरक त्याच दिवशी कळतो.

एक गोष्ट मात्र शेजाऱ्यांपेक्षाही आपल्या घरच्यांसाठी सांगायची आहे. पावसाळ्यात आपण पडवीला झाप किंवा प्लास्टिकचे कापड लावून तिन्ही बाजू बंद करतो आणि गाडीही तिथेच ओढून घेतो. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून अशा बंद पडवीत गाडी चालू करण्याचा विचार कुणी करत असेल, तर तो कृपया करू नये. थंड इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड जास्त असतो, त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि पडवीचा दरवाजा माजघरात उघडतो, जिथे मुले-माणसे झोपलेली असतात. डोके दुखणे, मळमळ, गुंगी एवढीच त्याची सुरुवातीची लक्षणे, आणि झोपलेल्या माणसाला तीही कळत नाहीत. कितीही पाऊस असला तरी गाडी आधी उघड्यावर घ्यावी आणि मगच चालू करावी.

शेजाऱ्यांशी आपण स्वतः जाऊन बोलावे. त्यांनी दोनदा सांगितले आहे, तेव्हा तिसऱ्यांदा त्यांना आपल्या दारी यावे लागू नये. संध्याकाळच्या वेळी जाऊन, उद्यापासून गाडी रस्त्यावर नेऊन चालू करीन, हे सांगावे, आणि त्यांच्या घरात कोणी आजारी, तान्हे बाळ किंवा रात्रपाळीचे माणूस आहे का तेही विचारून घ्यावे. मी काकींना तसे सांगायला गेलो तेव्हा त्यांनी मुलाच्या होडीच्या वेळा सांगितल्या. उधाणाच्या दिवसांत तो कधी दोनला येतो, कधी चारला. त्या आठवड्यांत मी गाडी आणखी थोडी पुढे, आंब्याच्या बागेच्या वळणापर्यंत, ढकलत नेतो.