फॅटी लिव्हर निघालं की हृदयाकडेही बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की वडील ५४ वर्षांचे, सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर निघालं आणि डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी दिली. "आधीच लिव्हर खराब, त्यात ही गोळी कशाला" असं काका म्हणाले, म्हणून वडिलांनी ती बंद करून हळदीच्या कॅप्सूल सुरू केल्या. मी मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. डॉक्टर नाही, पण असे रिपोर्ट रोज हाताखालून जातात आणि काकांचं हे वाक्यही रोज कानावर पडतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फॅटी लिव्हर असलेल्यांच्या मृत्यूचं सगळ्यांत मोठं कारण लिव्हर नाही, हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार आहे. इन्शुलिनला शरीर दाद देईनासं झालं की लिव्हरमध्ये चरबी साठते. असं लिव्हर रक्तात जास्त चरबी सोडतं. ट्रायग्लिसराइड वाढतं, चांगलं कोलेस्टेरॉल उतरतं, अंगात बारीक सूज राहते, रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते. या सगळ्याचा मार हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर बसतो. लिव्हरची चरबी स्वतः किती दोषी आणि सोबतचा मधुमेह, बीपी किती, यावर तज्ज्ञांत वाद आहे. पण पेशंटच्या दृष्टीने अर्थ एकच: हृदयाचीही तपासणी हवी. २०२३ मध्ये या आजाराचं इंग्रजी नाव बदललं, तेव्हा त्यात चयापचयाचा बिघाड मुद्दाम घातला तो यासाठीच.

आता गोळीचं. ती स्टॅटिन असणार. फॅटी लिव्हरमध्ये लिव्हरचे एन्झाइम (रिपोर्टातले एसजीओटी, एसजीपीटी) थोडे वाढलेले असले तरी स्टॅटिन चालतं, आणि धोका हृदयाला आहे म्हणून ते उलट गरजेचं ठरतं. एन्झाइम मर्यादेच्या तिपटीच्या वर असतील किंवा सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं, पुढे गेला असेल, तर गोष्ट वेगळी; ते डॉक्टर बघतात. तेव्हा उद्याच डॉक्टरांना फोन करून गोळी बंद केल्याचं सांगा आणि पुन्हा सुरू करायची का ते विचारा. गोळीने अंग दुखत असेल तर तेही सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं.

"ग्रेड १ म्हणजे किरकोळ" यावर मात्र विसंबू नका. ग्रेड चरबी किती ते सांगतो. लिव्हर आतून घट्ट होत चाललंय का, म्हणजे फायब्रोसिस आहे का, ते त्यावरून कळत नाही, आणि पुढचा धोका मुख्यतः त्यावर ठरतो. त्याचा अंदाज फिब-४ या हिशेबाने घेता येतो. तुम्ही दिलेले आकडे घेऊ: एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट २ लाख १० हजार. वय गुणिले एसजीओटी, ५४ × ४८ = २५९२. प्लेटलेट हजारात धरायच्या, म्हणजे २१०, आणि त्याला एसजीपीटीच्या वर्गमुळाने, ८ ने गुणायचं: १६८०. भागाकार आला १.५४. १.३ च्या खाली असतं तर बहुधा काळजी नव्हती (पासष्टीच्या पुढे ही रेघ २ धरतात), २.६७ च्या वर असतं तर लगेच लिव्हरच्या डॉक्टरांकडे जावं लागलं असतं. वडील मधे आहेत, म्हणून फायब्रोस्कॅनबद्दल, म्हणजे लिव्हर किती घट्ट झालंय ते मोजणाऱ्या तपासणीबद्दल, विचारा. सोबत एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी), बीपी आणि ईसीजी हवा. कंबरही मोजा, आपल्याकडच्या पुरुषांत ९० सेंमीच्या वर आणि बायकांत ८० च्या वर गेली की धोका धरतात, वजन काट्यावर ठीक दिसत असलं तरी.

हळदीच्या कॅप्सूल थांबवा. हळदीची बाजारपेठ असलेल्या आपल्या सांगलीत हळदीबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही, आणि भाजी-आमटीतल्या हळदीला कुणाचीच हरकत नाही. पण काळी मिरी घातलेल्या कडक डोसच्या कॅप्सूलने लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीबद्दलही तेच नोंदवलं होतं. घरात तो काढा असेल तर तोही बंद.

खाण्यात साखर सोडून गुळाचा चहा घेणाऱ्यांना वाटतं पथ्य झालं. गूळ, उसाचा रस, मूठमूठ बेदाणे, सगळी साखरच. दारू पूर्ण बंद, तंबाखू आणि मिश्रीही. वजन ८० किलो असेल तर ४ किलो उतरले तरी लिव्हरची चरबी कमी होते, ६ ते ८ उतरले तर सूजही ओसरते. उपाशी राहून झटपट उतरवू नका. रोज आमराई बागेत अर्धा तास झपाझप चालले तरी पुष्कळ. फक्त तपासणी झाल्यावर सुरू करू द्या.

आणि जिना चढताना छाती भरून येणं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, दरदरून घाम, यातलं काही झालं तर "गॅस असेल" म्हणून सोडा पाजत बसू नका. थेट ईसीजीची सोय असलेल्या दवाखान्यात न्या. मधुमेह असेल तर छातीत न दुखता नुसता दम लागू शकतो, म्हणून शुगरचा रिपोर्ट आधी करून घ्या.