हातांना मुंग्या येतात म्हणून सीट बदलू नका, आधी कोनसेट बघा

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहायलोय. मोटरसायकलवर लातूरहून संभाजीनगरला निघालं की केजच्या पुढं हातांना मुंग्या येतात, बीड येईपर्यंत मान-खांदे भरून येतात, सत्तर-ऐंशीच्या वेगात हँडल सारखं सांभाळावं लागतं, आणि सर्व्हिस सेंटरवाले टायर बदला म्हणायलेत. जेल सीट, हँडल उंच करणारा रायझर आणि मोठी विंडशिल्ड यातलं आधी काय घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

सध्या यातलं काहीच घेऊ नका. तुम्हाला या वेगवेगळ्या तक्रारी वाटायल्यात, मला एकच वाटते: कोनसेट, म्हणजे हँडलचा दांडा चासीत जिथं फिरतो तिथली बेअरिंग. माझ्याही गाडीला हेच झालं होतं, अगदी याच क्रमानं. ऑइल, फिल्टर, चेन, टायरची हवा हे तुम्ही वेळच्या वेळी बघत असाल असं धरून चालतो.

आज संध्याकाळी एवढं करा. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागं कुणालातरी बसवा म्हणजे पुढचं चाक जमिनीवरून सुटेल. मग हँडलच्या टोकाला दोन बोटं लावून ते अगदी हळू डावीकडून उजवीकडं न्या. सगळीकडं सारखं फिरलं तर ठीक. पण चाक सरळ रेषेत आल्यावर हँडल मधोमध खट्कन बसल्यासारखं वाटलं, तिथून हलवायला किंचित जोर लागला, तर कोनसेट गेला. दुसरी खूण: चाक जमिनीवर असताना पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढं-मागं हलवा आणि एक बोट हँडलखालच्या यॉक (पुढच्या शॉकअपचे दोन्ही दांडे धरणारा तुकडा) आणि चासीच्या फटीवर ठेवा. टक् टक् जाणवलं तर कोनसेट ढिला आहे. ढिला असला तर कसून भागतं. बेअरिंगच्या आत खाच पडली असेल तर कसून काहीच होत नाही, उलट जास्त बिघडतं.

आता याचा मुंग्यांशी काय संबंध? आपल्याकडचे हायवे सरळसोट. हँडल तासन्तास एकाच जागी असतं आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका बेअरिंगच्या गोळ्या त्याच त्या जागी घेतात. हळूहळू तिथं खाच पडते. मग गाडी सरळ चालताना स्वतःहून बारीक बारीक दुरुस्ती करत असते ती तिला करता येत नाही, हँडल खाचेत अडकतं आणि ती दुरुस्ती तुमचे हात करतात. नकळत मूठ आवळली जाते. आवळलेल्या मुठीतून इंजिनची थरथर सरळ मनगटात जाते, कोपर ताठ होतं, खांदे वर चढतात. सीट कितीही मऊ असो, यात काडीचा फरक पडत नाही.

आता माझ्यावर काय गुदरलं ते सांगतो, कारण तुमच्या पोस्टमधलं 'टायर बदला' हे वाक्य मला शब्दशः ऐकवलं होतं. सर्व्हिस सेंटरचं नाव लिहिणार नाही, शहरही नाही. गाडी वॉरंटीत असताना मी सुपरवायझरला सांगितलं की हँडल मधे अडकतंय. त्यानं मान डोलावली, गाडी आत नेली, संध्याकाळी धुऊन-पुसून परत दिली आणि म्हणाला, टायर मधून चपटा झालाय, त्यामुळं होतंय. टायर खरंच थोडा चपटा होता. सरळ रस्त्यावर तो होतोच आणि त्यानंही गाडी जराशी ओढते, हे नाकारत नाही. टायर नवा टाकला. फरक पडला नाही. पुन्हा गेलो तर म्हणाले, आपले रस्तेच असे आहेत, काळ्या मातीवरचा डांबरी रस्ता लाटा मारतो, गाडीचा दोष नाही. तेही अर्धं खरं! काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यावरचा रस्ता सपाट राहत नाही. पण त्याच रस्त्यावरून माझ्या भावाची गाडी एका हातानं सरळ जात होती. तिसऱ्या खेपेला त्यांनी काहीही न सांगता कोनसेट करकचून आवळून दिला. टक् टक् बंद झालं, आणि त्या दाबानं खाच आणखी खोल गेली.

शेवटी हँडल इतकं अडकायला लागलं की मांजरसुंब्याच्या घाटात वळणातून बाहेर येताना गाडी सरळ होईना. तेव्हा लेखी भांडायला गेलो. वॉरंटी संपून थोडेच दिवस झाले होते. त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडं वळवून दाखवला. माझ्या प्रत्येक जॉब कार्डवर, म्हणजे गाडी सर्व्हिसला घेताना करतात त्या नोंदीवर, तक्रारीच्या रकान्यात एकच ओळ होती: जनरल सर्व्हिस, वॉशिंग. हँडलचा उल्लेख कुठंच नाही. 'सर, आमच्याकडं रेकॉर्डच नाही.' वकील मित्राला कागद दाखवले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं जिल्हा आयोगात जाता येतं, तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते, ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फीदेखील नाही, हे सगळं त्यानं सांगितलं. पण पुढं म्हणाला, तुझ्याकडं दाखवायला आहे काय? तोंडी सांगितलेलं होतं सगळं.

म्हणून हात जोडून सांगतो, गाडी देताना तक्रार तुमच्या शब्दांत जॉब कार्डवर लिहून घ्या. 'हँडल सरळ रेषेत अडकते, कोनसेट तपासावा' असं पूर्ण वाक्य. खाली किलोमीटर आणि तारीख आहे का बघा, वाचल्याशिवाय सही करू नका, मोबाईलवर फोटो काढा. सुपरवायझर म्हणाला 'लिहायची गरज नाही सर, मी सांगतो आत', तर तिथंच थांबा. तरीही लिहून देत नसतील तर त्याच दिवशी तेच वाक्य कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. कोनसेट तुमच्या वॉरंटीत बसतो की झिजणारा भाग म्हणून वगळलाय, हे मात्र मॅन्युअलमध्ये बघून मगच बोला, म्हणजे तुम्हाला तोंडावर पाडता येणार नाही.

माझं काम शेवटी बाहेरच्या उस्तादांनी केलं. त्यांनी कोनसेटची खालची वाटी, जिच्यात गोळ्या फिरतात ती, ठोकून काढली, फडक्यानं पुसली आणि माझा अंगठा धरून तिच्यावरून फिरवला. ओल्या मातीत ज्वारीचे दाणे दाबून काढावेत तसे ओळीनं खड्डे होते, पुढच्या आणि मागच्या बाजूला, बाकी वाटी आरशासारखी. ग्रीस जवळजवळ नव्हतंच, तांबडा गंज होता. याला उस्तादांनी प्रेशर वॉशिंगला जबाबदार धरलं आणि मला ते पटतं. चिखल काढायला पाण्याचा जोरदार फवारा थेट हँडलच्या मुळाशी मारतात, पाणी आत जातं, ग्रीस धुऊन निघतं. तेव्हापासून मी गाडी बादली आणि फडक्यानंच धुतो, आणि सर्व्हिसला देताना 'वॉशिंग नको' असं तेही लिहून घेतो.

गोळ्यांच्या जागी मी टेपर रोलर बेअरिंग बसवलं. गोळी एका बिंदूवर टेकते, रोलर पूर्ण रेषेवर टेकतो, त्यामुळं दणका वाटला जातो. पण बसवणारा जाणकार हवा. बेअरिंगची उंची तुमच्याच मॉडेलला जुळते का हे आधी मोजून घ्या. भरपूर वॉटरप्रूफ ग्रीस, आवळल्यावर हँडल दोन्ही टोकांपर्यंत बऱ्याच वेळा फिरवायचं, मग नट किंचित मागं घ्यायचा. नवं बेअरिंग बसतं तसं थोडं ढिलं होतं, म्हणून चार-पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचं. जास्त आवळलं तर गाडी कमी वेगात नागमोडी चालते.

जाता जाता, चाकाची बेअरिंगंही त्याच वेळी बघा. जुन्या बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, ६२०३ किंवा ६३०२ असा काहीतरी. तो नंबर घेऊन बेअरिंगच्या दुकानात गेलात तर तेच नामांकित कंपनीचं मिळतं, दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं मागा. मागचं चाक धरून आडवं हलवा, खेळ वाटला तर चाकाचं बेअरिंग तरी गेलंय किंवा स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश तरी गेलेत. फोर्क ऑइलची, म्हणजे पुढच्या शॉकअपमधल्या तेलाची, विचारणाही करून ठेवा, सांगितल्याशिवाय ते कुणी बदलत नाही.

एवढं झाल्यावर आरामाचं बघू. ही माझी मतं आहेत, मी मेकॅनिक नाही आणि प्रत्येकाचं अंग वेगळं असतं. मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीचा ताण, आधी लावा. सामान आणि वहिनींसह बसल्यावर मागची बाजू शॉकअप एकूण जितका दबतो त्याच्या साधारण पाव ते एक तृतीयांश खाली बसली पाहिजे. त्याहून जास्त बसली तर पुढचा भाग हलका होतो, हँडल आणखी अस्थिर वाटतं. मग क्लच-ब्रेकच्या लिव्हरचा कोन. हात सैल सोडून हँडलवर ठेवला की मनगट आणि बाहू एका रेषेत यायला हवेत. पान्ह्यानं दोन मिनिटांत होतं, फुकट होतं, आणि निम्म्या मुंग्या इथंच जातात. रायझर त्यानंतर, तोही लहान. जास्त उंच घेतला तर क्लच केबल आणि ब्रेकची नळी हँडल पूर्ण वळवल्यावर ताणली जाते आणि अंगाचं सगळं वजन माकडहाडावर येतं.

जेल सीटबद्दल माझं मत वाईट आहे. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात गाडी अर्धा तास उभी केली की जेल तापतं आणि लवकर निवत नाही. त्यापेक्षा चांगल्या सीटवाल्याकडून जुन्याच सीटचा फोम बदलून घ्या, जरा कडक आणि सपाट, म्हणजे ब्रेक मारल्यावर टाकीवर घसरणार नाही. मऊ सीट पहिले पन्नास किलोमीटर छान वाटते, नंतर खालचा पत्रा लागतो. ट्रकवाल्यांचं लाकडी मण्यांचं आसन मला तरी मानवलं, खालून हवा खेळते.

विंडशिल्ड मित्राची लावून बघा मगच घ्या, उंची चुकली तर वारा थेट हेल्मेटवर आदळतो आणि डोकं दुखतं. एक्स्ट्रा लाइट, क्रॅश गार्ड यांच्या बाबतीत मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत बदल करण्याबद्दलचं) आणि तुमची विमा पॉलिसी दोन्ही बघा. क्लेम नाकारला गेला तर मी जबाबदार नाही.

उन्हाळ्यात चाळीसच्या वर पारा गेला की हेल्मेटची काच उघडी ठेवू नका, तेव्हा वारा अंगापेक्षा गरम असतो. जाळीच्या जॅकेटखाली ओला सुती बनियन घाला, आपल्या कोरड्या हवेत तो गार करतो, आणि दर थांब्याला पुन्हा भिजवा. गाडी चालवून झाल्यावर रात्रीही मुंग्या जात नसतील तर मात्र डॉक्टरांना दाखवा, तिथं कोनसेटचा काही संबंध नाही.

हँडल मधे अडकतं की नाही ते आज बघून इथं कळवा. अडकत असेल तर सर्व्हिस सेंटरला जायच्या आधी तक्रारीचं वाक्य मला पाठवा, नीट लिहून देतो. आणि नवा टायर घ्यायचा तो तोपर्यंत थांबवा.