पान नंबर देऊन चालत नाही का?

प्रश्न: मी तत्त्वज्ञानात एमए करतेय, डिझर्टेशन प्लेटोवर आहे. मॅडमनी माझ्या सगळ्या तळटीपा परत पाठवल्या, म्हणाल्या पान नंबर नको, स्टेफानस नंबर द्या. माझ्याकडच्या अनुवादाचं पान मी अगदी बरोबर दिलं होतं, मग चुकलं काय?

उत्तर: पान बरोबरच असेल हो, पण ते तुमच्या पुस्तकाचं पान आहे, प्लेटोचं नाही. प्लेटोच्या 'रिपब्लिक'चेच घ्या, इंग्रजीतच कितीतरी अनुवाद आहेत, तुमच्याकडे गुहेचा दृष्टांत ज्या पानावर आहे तिथे दुसऱ्याच्या पुस्तकात भलतंच काहीतरी असणार आणि तिसरा कुणी थेट ग्रीक वाचत असेल तर त्याला तुमच्या पान नंबरचा काहीच उपयोग नाही. पण ५१४ए लिहिलं की तिघंही गुहेच्या तोंडाशी येऊन उभे राहतात!

हे नंबर आले कुठून, तर आंरी एतिएन नावाच्या मुद्रकाने (लॅटिनमध्ये स्टेफानस) १५७८ मध्ये प्लेटोचं सगळं लेखन तीन खंडांत छापलं, त्याचे ते पान नंबर, आणि ए ते ई ही अक्षरं म्हणजे पानाचे भाग. चांगल्या अनुवादात ते समासात छापलेले असतात, एकदा बघा तुमच्या प्रतीत, नसतील तर सरळ दुसरी प्रत घ्या. आणि संवादाचं (प्लेटोचे ग्रंथ बहुतेक संवादरूपातच आहेत, 'रिपब्लिक' त्यातलाच एक) नाव लिहायला विसरू नका, कारण प्रत्येक खंडात पानं पुन्हा १ पासून सुरू होतात, नुसत्या नंबरावरून काही कळत नाही.

ॲरिस्टॉटलसाठी असेच बेकर नंबर आहेत, बेकर या संपादकाच्या १८३१ च्या बर्लिन आवृत्तीतले, त्यात पान, कॉलम आणि ओळसुद्धा येते.

कांटचं मात्र नीट समजून घ्या, पुढे लागेल. 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन'ची पहिली आवृत्ती १७८१ ची, तिला ए म्हणतात, दुसरी १७८७ ची, ती बी. मधल्या काळात कांटने काही भाग पार नव्याने लिहिले, 'डिडक्शन' (आपल्या मूळ संकल्पना अनुभवाला का लागू पडतात याचं समर्थन करणारं प्रकरण) तर जवळजवळ अख्खं बदललं, म्हणून तुम्ही ए ९५ ते १३० (म्हणजे पहिल्या आवृत्तीची पानं) मधलं वाक्य उचललंत तर ते बी मध्ये सापडणारच नाही. इथे ए की बी हे लिहिलं नाही तर कांट नेमका कधी काय म्हणाला हेच हरवतं, आणि विचारांचा इतिहास लिहिणाऱ्याला तेच तर हवं असतं ना.

अनुवादकाचं नाव आणि साल मात्र संदर्भसूचीत द्याच, शब्द शेवटी त्यांचे आहेत.