रॉयटर्स एवढी मोठी कशी झाली? वर्तमानपत्रांच्या वर्गणीवर एवढी जागतिक वृत्तसंस्था चालते का?

वर्गणीवर ती फारशी कधी चाललीच नाही. नाव बातम्यांनी कमावलं, पैसा बाजारभावांनी दिला. सगळा इतिहास माझ्या मते याच अंगाने वाचावा.

पॉल ज्युलियस रॉयटर मूळचा जर्मनीतल्या कासेलचा. 1848 च्या धामधुमीत तो पॅरिसला गेला आणि शार्ल हावासच्या वृत्तसंस्थेत भाषांतराचं काम करू लागला. 1850 मध्ये बर्लिनकडून आखेनपर्यंत आणि पॅरिसकडून ब्रसेल्सपर्यंत तारायंत्र पोचलं होतं, मधला पट्टा तेवढा कोरडा. आगगाडीला तिथे सहाएक तास लागत. याने कबुतरं लावली, ती दोनेक तासांत शेअरचे भाव पोचवू लागली. तार जोडली गेली की हा धंदा बसणार हे उघड होतं, आणि तो बसलाच.

मग ऑक्टोबर 1851 मध्ये त्याने लंडनच्या शेअर बाजाराजवळ छोटं ऑफिस थाटलं. पुढच्याच महिन्यात डोव्हर-कॅले समुद्री केबल सुरू झाली. गिऱ्हाइकं दलाल आणि व्यापारी. लंडनची वर्तमानपत्रं त्याला 1858 पर्यंत दारातही उभी करत नव्हती. 1865 मध्ये लिंकनच्या हत्येची बातमी युरोपात प्रथम रॉयटर्सने दिली, तीही तब्बल 12 दिवसांनी, कारण अटलांटिकखालून चालू तार तेव्हा नव्हती.

1866 मध्ये मुंबईत ऑफिस उघडलं. अमेरिकन यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, मग तो कोसळून कित्येक शेठ बुडाले होते. लिव्हरपूलचा भाव आधी कळण्याची किंमत मुंबईच्या व्यापाऱ्याला वेगळी सांगायला नको होती!

1870 मध्ये हावास, बर्लिनची वोल्फ आणि रॉयटर्स यांनी जग चक्क आपसांत वाटून घेतलं. ब्रिटिश साम्राज्य रॉयटर्सच्या वाट्याला आलं. भारतातली असोसिएटेड प्रेस ऑफ इंडियाही पुढे तिच्याच ताब्यात गेली. म्हणजे जगाची बातमी आपल्याकडे आणि आपली जगाकडे जाणार ती लंडनच्या गाळणीतून. एस. सदानंद यांनी मुंबईतून फ्री प्रेसची वृत्तसंस्था काढून या मक्तेदारीशी झुंज घेतली. ते प्रकरण मराठी वाचकांना फारसं माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं. 1949 मध्ये पीटीआयने रॉयटर्सकडून इथलं काम हाती घेतलं.

तिकडे 1941 मध्ये निःपक्षपातीपणा जपण्यासाठी ट्रस्ट झाला. पण खरी उडी 1973 ची. चलनांचे ठरीव दर मोडीत निघाले होते, आणि रॉयटर्सने बँकांच्या टेबलांवर थेट दर दाखवणारे मॉनिटर बसवले. त्या पैशावर कंपनी 1984 मध्ये शेअर बाजारात उतरली. 2008 मध्ये कॅनडाच्या थॉमसनने ती विकत घेतली.

2018 मध्ये हा बाजारमाहितीचा धंदा वेगळा काढून त्यातला मोठा हिस्सा विकला गेला, तेव्हा करारात एक अट होती: नव्या कंपनीने 30 वर्षं, दर वर्षी किमान 32.5 कोटी डॉलर मोजून बातम्या रॉयटर्सकडूनच घ्यायच्या.