पॉप-गन प्लॉटमधल्या घड्याळवाल्याचा माग काढताना

तुम्ही विचारलंय की 1794 च्या पॉप-गन प्लॉटमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या राजाला मारण्याच्या कथित कटात, पकडलेला लंडनचा 'वॉचमेकर' लमेत्र, त्याचं आयुष्य आणि घराणं कसं शोधायचं, आणि एका लिलावाच्या कॅटलॉगात पीएल शिक्क्याची घड्याळाची केस, म्हणजे बाहेरचं धातूचं घर, दिसली ती त्याची असेल का.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, नाहीतर महिनाभर भलत्याच माणसामागे जाल. या प्रकरणात घड्याळ धंद्यातले दोघं आहेत. पॉल थॉमस लमेत्र हा आरोपी, तो घड्याळं नाही तर घड्याळाच्या केसेस बनवायचा आणि अटक झाली तेव्हा साधारण अठरा वर्षांचा पोरगा होता. दुसरा थॉमस अप्टन, तो वॉचमेकर, आणि त्यानेच सरकारकडे जाऊन सांगितलं की हे लोक पितळी नळीतून विषारी बाण मारून तिसऱ्या जॉर्ज राजाला संपवणार आहेत. दोघंही लंडन करस्पाँडिंग सोसायटीतले, म्हणजे 1792 मध्ये सुरू झालेली, आठवड्याला एक पेनी वर्गणी घेऊन साध्या कारागिरांना मताचा हक्क मागणारी संघटना. तिथे अप्टनच्या चारित्र्यावरून आधीच भांडणं झाली होती आणि ज्यांच्याशी वाकडं होतं नेमकी त्यांचीच नावं त्याने दिली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढे मे 1796 मध्ये याच कटातला आणखी एक आरोपी डॉक्टर क्रॉसफील्ड याच्यावर खटला उभा राहिला तेव्हा मुख्य साक्षीदार अप्टन गायब होता, तो मेला असं कोर्टाला सांगितलं गेलं, क्रॉसफील्ड सुटला आणि मग लमेत्र आणि बाकीचे दोघं आरोपीही सुटले. लमेत्रला 1798 मध्ये परत धरलं आणि 1801 पर्यंत खटल्याशिवाय आत ठेवलं. कोवळ्या वयाची कितीतरी वर्षं गेली हो त्याची.

आता कागद. अशा माणसाबद्दल सगळ्यात जास्त लिहून ठेवलंय ते त्याच्या मागावर असलेल्या सरकारने. लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये ट्रेझरी सॉलिसिटरची (सरकारी वकिलाची) टीएस 11, प्रिव्ही कौन्सिलची (राजाच्या सल्लागार मंडळाची) पीसी 1 आणि होम ऑफिसची एचओ 42 या सिरीज बघा, जबाब, खबऱ्यांचे रिपोर्ट, घरातून जप्त केलेले कागद असं बरंच सापडतं. पण खबऱ्याला माहितीचे पैसे मिळायचे, त्यामुळे त्याने लिहिलेला पत्ता आणि तारीख घ्या, 'अमका असं म्हणाला' हे मात्र दुसऱ्या बाजूशी ताडून बघा. दुसरी बाजू आहे, लमेत्रने स्वतः 1795 मध्ये आपल्या अटकेची हकिकत छापली होती आणि सोसायटीचे कागद तिचाच एक सभासद फ्रान्सिस प्लेसने जपले ते ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

घराण्यासाठी मात्र या फायली पुरत नाहीत. त्यासाठी शिकाऊ पोरांच्या करारावरचा कर बघा, त्याची रजिस्टरं 1710 ते 1811 अशी आहेत. अडचण अशी की 1752 च्या सुमारानंतर त्यात बापाचं नाव सहसा लिहीत नाहीत, आणि पोरगा बापाच्याच हाताखाली फुकट शिकला असेल तर कर नाही म्हणजे नोंदच नाही. म्हणून कंपन्यांची, म्हणजे कारागिरांच्या संघांची, स्वतःची बुकं बघायची, क्लॉकमेकर्स आणि गोल्डस्मिथ्स दोन्ही, तिथे बापाचं नाव आणि धंदा मिळू शकतो. बाप्तिस्म्यासाठी नुसत्या अँग्लिकन चर्चवर थांबू नका, नाव फ्रेंच आहे तर सोहोतल्या आणि बाकीच्या फ्रेंच चर्चची रजिस्टरं ह्युगेनो (फ्रान्समधून पळून आलेल्या प्रोटेस्टंट लोकांच्या) सोसायटीने छापलीत ती चाळा. लग्नं मात्र 1754 नंतर क्वेकर आणि ज्यू सोडून सगळ्यांची अँग्लिकन चर्चमध्येच. आणि नाव 'ल मेत्र' असं तोडून लिहिलं असेल तर इंडेक्समध्ये एम खाली जातं, मी हे विसरून एकदा पूर्ण दिवस घालवलाय.

आता तुमची घड्याळाची केस. डायलवरचं नाव विकणाऱ्याचं असतं, केस करणारा सापडतो तो आत. त्या काळच्या घड्याळाला बऱ्याचदा एकात एक अशा दोन केसेस असत, त्यातली बाहेरची काढा, कधी कधी तिथे गोल कापलेला वॉच-पेपर निघतो, दुरुस्ती करणाऱ्याचं नाव-पत्ता छापलेला, तो अजिबात फेकू नका. मग भिंगातून शिक्के वाचा: मुकुट घातलेला बिबट्या म्हणजे लंडन, एक अक्षर म्हणजे वर्ष, आणि करणाऱ्याची आद्याक्षरं. राजाचं मुंडकं असेल तर 1784 ते 1798 मधलीच, सोन्याची असो की चांदीची, कारण ती ड्यूटी (सोन्या-चांदीवरचा कर) भरल्याची खूण 1784 मध्ये आली आणि घड्याळाच्या केसेसना 1798 पासून ती ड्यूटी माफ झाली, म्हणजे बरोबर आपल्या माणसाच्या काळाचा तुकडा हातात येतो. त्या काळाच्या शेवटी धंदा बेकार मंदीत होता हेही लक्षात ठेवा, 1797 मध्ये पंतप्रधान पिटने घड्याळ बाळगण्यावरच कर लावला, सोन्याच्या घड्याळाला वर्षाला 10 शिलिंग, लोकांनी खरेदीच थांबवली आणि पुढच्या वर्षी कर मागे घ्यावा लागला.

पण पीएल म्हणजे तोच असं धरून चालू नका. अक्षर 1760-70 चं निघालं तर तो असूच शकत नाही, जन्मच झाला नव्हता, मग फार तर घरातला कोणी थोरला असेल आणि तेही गोल्डस्मिथ्स हॉलच्या शिक्क्यांच्या रजिस्टरमध्ये नाव-पत्ता जुळला तरच. कॅटलॉगवाल्यांकडून आतल्या शिक्क्यांचा जवळून काढलेला फोटो मागवा, वर्षाचं अक्षर नीट दिसेल असा, आणि इथे टाका. अक्षराभोवतीच्या चौकटीचा आकारही त्यात यायला हवा, तो आणि अक्षराचं वळण यांवरून कोणत्या वीस वर्षांतलं ते ठरतं.